जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि मधले साडेसत्तावीस मिलिमीटर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचवटीतल्या एका तरुणाला वडिलांच्या लोखंडी पेटीत तीन जुन्या लेन्सेस सापडल्या. झेनिट कॅमेऱ्यावरची हेलिओस ४४-२, निकॉन कंपनीची निकॉर ५० मिमी एफ/१.४ (अ‍ॅपर्चरच्या म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या रिंगवर सशाच्या कानांसारखा धातूचा काटा असलेली) आणि कॅननची एफडी १३५ मिमी एफ/३.५. वडील फिल्मच्या काळात लग्नाचे फोटो काढायचे. मुलाकडे आज निकॉन डी ७२०० आणि सोनी ए७ मार्क टू आहे. त्याने ऑनलाइन एक अ‍ॅडॉप्टर रिंग, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणारं धातूचं कडं, मागवून हेलिओस सोनीवर चढवली. जवळचं सगळं सुरेख आलं, पण साधारण पंचवीस मीटरच्या पुढचं काहीच स्पष्ट होईना. एका दुकानदाराने बघून सांगितलं, "लेन्स गेली." तर लेन्स खरंच गेली का, तिन्ही लेन्सेस कशावर बसतील, कॅमेऱ्याला धोका आहे का, आणि झेनिटची बॉडी आता भंगारात द्यावी का?

आधी मुख्य मुद्दा सांगतो. तुमची हेलिओस बहुतेक ठणठणीत आहे. दोष रिंगमध्ये असावा, आणि तो एका कागदाच्या जाडीएवढा आहे. मी नाशकात पंचवीसेक वर्षं कॅमेरे-लेन्सेस दुरुस्त करतोय. अशी तक्रार घेऊन लेन्स आली की मी लेन्स उघडत नाही, आधी रिंग मोजतो. इतकी वर्षं नीट चाललेल्या लेन्सवर ठपका ठेवायचा आणि परवा डब्यातून निघालेल्या रिंगकडे बघायचंच नाही, ही उलटी तपासणी मला पटत नाही. तुमच्या वडिलांनी त्या लेन्सवर पोट भरलं आहे. तिची आधी नीट तपासणी होऊ द्या.

आता हे साडेसत्तावीस मिलिमीटर काय प्रकरण आहे ते बघू. लेन्स कॅमेऱ्याला जिथे टेकते त्या धातूच्या कड्यापासून फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. प्रत्येक कंपनीने ते आपापलं ठरवलेलं असतं आणि लेन्स त्याच अंतरासाठी बनवलेली असते. झेनिट, प्रॅक्टिका, जुने पेंटॅक्स यांच्या एम ४२ आट्यांसाठी (लेन्स स्क्रूसारखी आवळायची पद्धत) ते ४५.४६ मिमी आहे. निकॉन एफ माउंटला (माउंट म्हणजे लेन्स बसवायची पद्धत) ४६.५, कॅनन एफडीला ४२. आकडे एवढे मोठे, कारण एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्या मध्ये आरसा वर-खाली व्हायला जागा लागायची. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही, त्यामुळे सोनी ई माउंटला हे अंतर फक्त १८ मिमी आहे. निकॉन झेडला १६, कॅनन आरएफला २०, फुजी एक्सला १७.७.

म्हणजे आरशाची खोली रिकामी झाली आणि तेवढी जागा भरून काढायला रिंग आली. हेलिओस सोनीवर लावायची तर ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी जाडीची रिंग हवी. तिच्यात काच नसते, वायर नसते, काही नसतं. ती धातूची पोकळ नळी आहे आणि तिचं एकच काम आहे: लेन्स सेन्सरपासून नेमक्या त्याच अंतरावर धरायची जिथे ती पूर्वी फिल्मपासून होती. हे काम तिने चोख केलं तर पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या सेन्सरवर बिनबोभाट चालते.

तुमच्या डी ७२०० वर मात्र आरसा आहे आणि त्याचं अंतर ४६.५ मिमी आहे, म्हणजे हेलिओसच्या गरजेपेक्षा एक मिलिमीटर जास्त. इथे जागा भरायची नाही, कमी करायची आहे, आणि धातू कमी करून ती मिळत नाही. एवढ्या फरकाने काय बिघडतं याचा हिशोब सोपा आहे. फोकल लेंथचा, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याचा (हेलिओसचा तो ५८), वर्ग करा आणि जास्तीच्या अंतराने भागा. ५८ गुणिले ५८ म्हणजे ३३६४, भागिले १.०४, उत्तर सुमारे ३२३५ मिमी. म्हणजे साधी रिंग लावून निकॉनवर हेलिओस सव्वातीन मीटरच्या आसपास थांबते. रामकुंडाच्या पायरीवर बसलेल्या माणसाचा चेहरा येईल, पलीकडचा काठ येणार नाही. बाजारात यावर तोडगा म्हणून आत काचेचं भिंग बसवलेल्या रिंगा मिळतात. मी त्या वापरल्या आहेत आणि घ्या असं कुणालाही सांगत नाही. चांगल्या लेन्सच्या पाठीमागे स्वस्तातली काच लावली की चित्र मऊ पडतं, आणि मग पुन्हा लोक म्हणतात, लेन्स वाईट. कॅननची एफडी तर निकॉनवर साडेचार मिलिमीटरने कमी पडते, तिचा विचारच सोडा. याच कारणामुळे १९८७ मध्ये कॅननने ईएफ माउंट आणला तेव्हा एफडी लेन्सेस एका रात्रीत अनाथ झाल्या. ईएफचं अंतर ४४ मिमी, एफडीचं ४२, त्यामुळे जुनी लेन्स नव्या बॉडीवर नीट बसेना. मिररलेस आल्यावर त्यांचे दिवस पुन्हा पालटले.

राहिली निकॉर. ती डी ७२०० वर बसेल असं दिसतं, कारण माउंट १९५९ पासूनचाच आहे. पण ती त्या कॅमेऱ्यावर चढवू नका. हे ठळक लिहितोय कारण ही चूक मी स्वतः केली आहे. निकॉनने १९७७ मध्ये एआय (ऑटोमॅटिक इंडेक्सिंग) पद्धत आणली. त्याआधीच्या लेन्सेसच्या अ‍ॅपर्चर रिंगची मागची कड पूर्ण गोल आणि उंच असते. डी ७०००, ७१००, ७२०० आणि त्यांच्या वरच्या बऱ्याच बॉडींवर माउंटच्या बाहेर एक छोटी सरकती जीभ असते. ती लेन्सची रिंग कुठे आहे ते कॅमेऱ्याला सांगते. जुन्या लेन्सची उंच कड त्या जिभेवर दाबली जाते. मी लेन्स बसवताना थोडी घट्ट वाटली म्हणून जरा जोर दिला आणि जीभ तुटली. हाताला फक्त एक बारीक 'टक्' जाणवलं. तेवढ्यासाठी पुढची बॉडी सगळी खोलावी लागली.

तुमची लेन्स कुठली हे ओळखायला दोन खुणा पुरतात. एआय लेन्सवर अ‍ॅपर्चरचे आकडे दोन ओळींत असतात, माउंटच्या बाजूची ओळ बारीक अक्षरांत. आणि सशाच्या कानांना आरपार दोन भोकं असतात. एकच ओळ आणि भरीव कान असतील तर लेन्स जुनी. तसं असेल तर ती सोनीवर लावा. निकॉन एफ ते सोनी ई ही साधी रिंग २८.५ मिमीची असते, तिच्यावर जीभ वगैरे काही नसते, त्यामुळे तिथे धोका नाही. एआय निघाली तर डी ७२०० वर खुशाल लावा. मेनूमध्ये नॉन-सीपीयू लेन्स डेटा असा पर्याय आहे, तिथे ५० मिमी आणि एफ/१.४ भरलं की उजेडाचं मीटरिंगसुद्धा चालतं.

आता तुमच्या रिंगकडे येतो. पंचवीस मीटरपर्यंत स्पष्ट, पुढे धूसर, हे तुम्ही फार उपयोगाचं लिहिलंत. तोच हिशोब उलटा करा. ३३६४ भागिले २५,००० म्हणजे ०.१३ मिमी. तुमची रिंग हवी त्यापेक्षा साधारण एवढीच जास्त जाड आहे. झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे एका कागदाहून किंचित जास्त. हीच रिंग लावून २८ मिमीची वाइड लेन्स चढवली असती तर सहा मीटरच्या पुढे सगळं गेलं असतं. १३५ लावली असती तर १४० मीटरपर्यंत चाललं असतं आणि चूक कदाचित तुमच्या लक्षातही आली नसती. म्हणून एक रिंग एका लेन्सवर चालली म्हणजे ती बरोबर आहे असं समजू नका. वाइड लेन्सच तिचं खरं माप काढते.

मोजण्याआधी एक गोष्ट बघा. लेन्स रिंगमध्ये शेवटपर्यंत आवळली गेली आहे ना? एम ४२ चे आटे कधी कधी मळाने किंवा रंगाने अडतात आणि लेन्सचं बूड रिंगला पूर्ण टेकत नाही. लेन्स आणि रिंग यांच्या फटीत कागदाची पट्टी सरकवून बघा, कुठूनही आत जाता कामा नये. ते ठीक असेल तर रिंग घेऊन मायक्रोमीटर असलेल्या माणसाकडे जा. व्हर्नियरवर विसंबू नका, इतक्या बारीक कामाला तो पुरत नाही. जिथे लेन्स टेकते तो चेहरा आणि जिथे कॅमेरा टेकतो तो चेहरा, या दोन्हींमधलं माप चार ठिकाणी घ्या: बारा, तीन, सहा आणि नऊ वाजता. चारही ठिकाणी २७.४६ च्या आसपास आणि एकमेकांशी जुळणारं हवं. चारही सारखे पण जास्त असतील तर रिंग जाड आहे. ते आपसातच जुळत नसतील तर रिंग तिरकी आहे, आणि तिरकी रिंग फोटोची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी मऊ करते. जाड रिंग दुरुस्त होते. तिरक्या रिंगवर मी वेळ घालवत नाही, ती परत करा.

याबाबतीत नाशिककरांचं नशीब चांगलं आहे. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत शतांश मिलिमीटरचं काम रोजच्या भाकरीसारखं चालतं. माझ्या एका रिंगचं माप २७.५८ आलं होतं. ती घेऊन मी अंबडमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या टर्नरने कॅमेऱ्याच्या बाजूची बायोनेटची (कॅमेऱ्यात फिरवून अडकणारी) चकती स्क्रू काढून बाजूला ठेवली. खालचं अ‍ॅल्युमिनियमचं अंग मँड्रेलवर धरलं, डायल लावून रनआउट, म्हणजे फिरतानाची डगमग, बघितला, काटा जवळपास हलेना तेव्हाच टूल पुढे घेतलं. मग फेसिंगचा एक हलका कट. चांदीच्या तारेसारखा बारीक चुरा निघाला. पुन्हा माप, अजून एक कट त्याहून हलका. २७.४६ आलं तेव्हा त्याने रिंग माझ्या हातात दिली आणि विचारलं, "कशाचा पार्ट आहे हा?" सांगितलं तर त्याला नवल वाटलं की फोटो काढायलाही एवढा टॉलरन्स लागतो. चकती परत बसवण्याआधी तो चुरा संपूर्ण धुऊन, हवा मारून काढायचा. अ‍ॅल्युमिनियमचा एक कण सेन्सरवर गेला तर रिंगच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च होईल. रिंग उलट बारीक निघाली तर चकतीखाली पितळेचा पातळ शिम पत्रा कापून घालता येतो.

खरं तर बऱ्याच कंपन्या रिंग मुद्दामच थोडी बारीक ठेवतात, म्हणजे कुठलीही लेन्स अनंतापर्यंत, म्हणजे लांबात लांबच्या वस्तूपर्यंत, पोचतेच आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. साध्या लेन्सला ते चालतं. फक्त लेन्सवरचे अंतराचे आकडे खोटे पडतात आणि लेन्सची फोकसची रिंग अनंताच्या खुणेपर्यंत नेली की फोकस पुढे निघून जातो. पण झूम लेन्स असेल तर झूम करताना फोकस सुटतो. आणि जवळच्या फोकससाठी आतले भिंगांचे गट वेगवेगळे सरकणाऱ्या काही वाइड लेन्सेस असतात, त्यांच्या कडा बिघडतात. म्हणून मी नेमकी रिंगच पसंत करतो.

चाचणी कशी घ्यायची? थंडीतली सकाळ निवडा. दुपारी तापलेल्या हवेत लांबचं सगळं थरथरतं आणि ती थरथर लेन्सच्या नावावर जाते. पंचवटीतल्या उंच गच्चीवरून उत्तरेला रामशेज किल्ला दिसत असेल तर त्याच्या माथ्याची कड आकाशावर पकडा. ते जमत नसेल तर लांबच्या मोबाइल टॉवरची जाळी चालेल. कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, स्क्रीनवर चित्र पूर्ण मोठं करून फोकसची रिंग हळूहळू अनंताकडे न्या. चित्र स्पष्ट व्हावं आणि रिंगला शेवटची अडचण जवळपास तिथेच लागावी. अडचण लागली तरी चित्र स्पष्ट होतच चाललं असेल तर रिंग जाड. हे दोन-तीनदा करा, घाईने निष्कर्ष काढू नका.

रिंगबद्दल आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. रिंग कॅमेऱ्यावरून काढा, लेन्स लावा, खिडकीकडे धरा आणि मागच्या बाजूने आत बघा. रिंगच्या आतल्या भिंतीवर उजेडाची चकाकती पट्टी दिसते का? स्वस्त रिंगांना आतून काळा पण गुळगुळीत रंग असतो. तिरक्या उजेडात तो आरशासारखा चमकतो, आणि ती चमक सेन्सरवर जाऊन सगळ्या फोटोवर पांढुरकी साय धरते. संध्याकाळी गोदाघाटावर आरतीच्या दिव्यांचे फोटो काढताना मला हे पहिल्यांदा कळलं. काळोख काळा येतच नव्हता, राखाडी येत होता. मी बरेच दिवस लेन्सच्या कोटिंगला दोष देत राहिलो. शेवटी रिंगच्या आत काळ्या मखमली कागदाची पट्टी चिकटवली आणि काळोख परत आला. पट्टी कडेपासून थोडी आत ठेवा आणि तिचे तंतू सुटणार नाहीत याची खात्री करा. हेलिओसचं कोटिंग तसंही साधं आहे, तिला ४९ मिमीचं हूड लावाच.

लेन्सची स्वतःची तपासणी बाकी आहे. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून तिरका टॉर्च मारा आणि पुढून बघा. धुळीचे कण दिसतीलच, त्यांनी फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले धागे दिसले तर बुरशी. सगळ्या काचेवर सारखं पुसट धुकं दिसलं तर आतल्या तेलाची वाफ बसलेली असते. कडेला इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसला तर दोन काचा जोडणारा डिंक सुटतोय, ते घरी दुरुस्त होत नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का तेही बघा. हेलिओसमध्ये ते असलं तरी फारसं बिघडत नाही, कारण तिची पाती तुम्ही हाताने फिरवता. एफडीमध्ये मात्र पाती स्प्रिंगने मिटतात आणि तेलामुळे अडकतात.

बुरशी दिसली तर ती लेन्स आधी वेगळ्या डब्यात ठेवा आणि शिकल्याशिवाय उघडू नका. पेटीत लेन्सेस चामडी केसमध्ये होत्या असं तुम्ही लिहिलंय. त्या केस आठवण म्हणून वेगळ्या जपा, लेन्स त्यात परत घालू नका. चामडं ओल धरतं आणि आपल्या पावसाळ्यात बुरशीला तेच हवं असतं. इगतपुरी-त्र्यंबककडे राहणाऱ्यांना तर हे मी हात जोडून सांगतो. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ एवढं पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. निळी सिलिका गुलाबी झाली की ओल भरली समजायचं आणि तापवून ती पुन्हा निळी करायची. पण निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या भांड्यात ती तापवू नका.

सोनीवरच्या सेटिंग्ज दोन मिनिटांचं काम आहे. लेन्सशिवाय शटर चालू द्या असा पर्याय मेनूत आहे तो सुरू करा, नाहीतर कॅमेरा फोटोच काढणार नाही. स्टेडीशॉटमध्ये फोकल लेंथ हाताने भरा. नेमका आकडा नसेल तर जवळचा चालेल, पण लेन्स बदलली की आकडाही बदला. ५० चा आकडा ठेवून १३५ वापरली तर हात हलल्याची भरपाई कमी पडते. एक्स्पोजर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र तुम्ही ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) ठेवा, मीटर आत आलेला उजेड बघूनच चालतं.

फोकससाठी पीकिंगचे, म्हणजे स्पष्ट भागावर कॅमेरा दाखवतो ते, रंगीत ठिपके सुंदर दिसतात, पण एफ/१.४ आणि एफ/२ ला ते फसवतात. नाकावरही रंग येतो, डोळ्यावरही येतो. चित्र मोठं करून पापणीवर फोकस करा. निकॉर एफ/१.४ ला अ‍ॅपर्चर बंद करताना फोकस किंचित सरकताना मी पाहिलाय, म्हणून ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचा त्यालाच फोकस करायची सवय मी लावून घेतली. एफडीची रिंग घेताना तिच्यावर लॉक-ओपन असं फिरतं कडं असेल अशीच घ्या आणि वापरताना ते लॉकवर ठेवा. ओपनवर राहिलं तर लेन्सवर कुठलाही आकडा लावा, पाती हलत नाहीत, आणि फोटो उघड्या अ‍ॅपर्चरचाच येतो.

आता हेलिओसबद्दल थोडं मनापासून. तिच्या पुढच्या बाजूला दोन कडी आहेत. एक टकटक थांबत जातं, दुसरं मोकळं फिरतं. टकटक करणाऱ्या कड्यावर एफ/४ लावून ठेवा, मोकळं कडं पूर्ण उघडा, फोकस करा आणि मग कॅमेऱ्यातून डोळा न काढता मोकळं कडं अडेपर्यंत फिरवा. आपोआप एफ/४ वर येतं. फिल्मच्या काळात अंधारलेल्या व्ह्यूफाइंडरवर हा तोडगा होता, आजही तितकाच कामाचा आहे. तिची रचना झाइसच्या युद्धापूर्वीच्या बायोटार लेन्सवर बेतलेली आहे, आणि मागचा उजेड गोल गोल फिरल्यासारखा दिसणं हा त्या रचनेचाच स्वभाव. क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा, बऱ्याच हेलिओसवर ते बनवल्याचं वर्ष सांगतात. ७९ ने सुरू होत असेल तर बहुधा १९७९.

तो फिरता उजेड हवा असेल तर काही गोष्टी जमून याव्या लागतात. अ‍ॅपर्चर एफ/२, माणूस दीड-दोन मीटरवर, आणि त्याच्या मागे काही मीटरवर उजेडाचे असंख्य बारीक ठिपके. बहुतेक जण झाडाची पानं घेतात. मी एकदा तांबट आळीतल्या दुकानात ही लेन्स घेऊन गेलो. कारागीर हंडा मठारत बसले होते, मागे मठारलेल्या घागरी एकावर एक रचलेल्या. दारातून येणारा उजेड घागरीवरच्या प्रत्येक ठोक्यात वेगळा पडत होता. कारागिरांच्या डोळ्यावर फोकस धरला आणि मागचा प्रत्येक ठोका तांबूस चकती झाला. मधल्या चकत्या पूर्ण गोल, कडेकडेला जातील तशा बदामासारख्या निमुळत्या, आणि त्या सगळ्या कारागिरांच्या डोक्याभोवती फेर धरल्यासारख्या. कडेच्या चकत्या निमुळत्या होतात कारण तिरका येणारा उजेड लेन्सच्या नळीच्या कडेने कापला जातो. हा फेर कडेलाच जास्त असतो, म्हणून तुमचा फुल फ्रेम (फिल्मएवढ्या सेन्सरचा) सोनी या लेन्सला योग्य आहे. एपीएस-सी म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर कडा कापल्या जातात, लेन्स ८७ मिमीसारखी वागते आणि फेर बराच ओसरतो.

१३५ एफडी माझ्या मते तिघींत सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात विश्वासू. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला घेऊन जा. उडत्या बदकांच्या मागे लागू नका, हाताने फोकस करून ते साधत नाही. पाण्यात स्थिर उभे बगळे, धुक्यातल्या होड्या, काठावरची माणसं यांसाठी ती उत्तम. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. पहाटे जुन्या लेन्सचं ग्रीस घट्ट होतं आणि फोकसची रिंग जड फिरते. जोर लावू नका. लेन्स थोडा वेळ जॅकेटच्या आत धरा, मग आधी रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-चारदा सावकाश फिरवून घ्या. घरी उबेतही ती तशीच जड राहिली तर ग्रीस बदलायची वेळ आली आहे. आणि हात कॅमेऱ्याखाली नाही, लेन्सखाली ठेवा, म्हणजे रिंगच्या बारीक स्क्रूंवर भार येत नाही.

शेवटचा प्रश्न झेनिटच्या बॉडीचा. भंगारात मुळीच देऊ नका, कारण लेन्स दोषी की रिंग याचा निकाल तीच देणार आहे. मापात रिंग बरोबर निघाली तर शंका लेन्सवर येते, कारण कुणीतरी पूर्वी ती उघडून आटे चुकीचे बसवलेले असू शकतात. झेनिटचं मागचं दार उघडा, आत फिल्म नाही याची खात्री करा. जिथे फिल्म सरकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवा, सुरकुती राहू देऊ नका. शटर बी वर (बटण दाबून आहे तोवर शटर उघडं राहतं) ठेवून केबलने उघडं धरा, हेलिओस एफ/२ वर आणि फोकस अनंताच्या खुणेवर. गच्चीवरून पुन्हा रामशेज. डोक्यावर काळं कापड घ्या आणि भिंगातून कागदावरचं उलटं चित्र बघा. डोंगराची कड कागदावर स्पष्ट असेल तर लेन्स निर्दोष आहे आणि तुम्ही निश्चिंतपणे रिंग घेऊन अंबडला जा. कड धूसर असेल तर लेन्स माझ्यासारख्या कुणाकडे न्या, पण येताना झेनिटही घेऊन या. लेन्स पुन्हा जुळवताना मी तिच्यावरच बघतो.